घरमालकाचा पहिला उन्हाळा

सकाळी किसनभाऊंचा फोन आला. "बाई, पानं सुरू झाले. आता फळी उठल्याशिवाय मी काई येत नाई. कवेलू तिथीच राहू द्या." माझ्या होकाराची वाटही न पाहता त्यांनी फोन ठेवून दिला. गोंडपिपरीत आमची चार खोल्यांची एक चाळ आहे, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी तिचं छप्पर फेरावं लागतं. सगळे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, उरलेले झाडून-पुसून पुन्हा रचायचे. हे काम किसनभाऊंचं. पण मे महिना लागला की त्यांचं अख्खं घर पहाटे पहाटे जंगलात जातं, तेंदूची पानं तोडायला. पानांचे पुडे जिथे घेतले जातात ती फळी. ती उठेपर्यंत तालुक्यात कोणाचं छप्पर उघडं असलं तर ते उघडंच राहतं, मग घरमालक कितीही मोठा असो.

फोन ठेवल्यावर मला हसू आलं. पहिल्या वर्षी ह्याच गोष्टीवरून बाबांनी केवढा त्रागा केला होता! आणि त्या त्राग्यातून काय काय घडलं होतं. खिडकीबाहेर चंद्रपूरचं ऊन सकाळीच डोळ्यांवर येत होतं. मी शिकवते त्या शाळेला सुट्ट्या लागल्यात, गोंडपिपरीला जायची पिशवी भरून ठेवलीय, आणि मन कधीच त्या पहिल्या उन्हाळ्यात जाऊन बसलंय.

बाबा वीज केंद्रात बॉयलरवर होते. त्यांची सगळी नोकरी ऊर्जानगरच्या क्वार्टरात गेली, माझं सगळं लहानपणही. क्वार्टर म्हणजे मोठं सुखाचं घर. पाणी, वीज, समोर बदामाचं झाड, कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की दाराशी येऊन थांबणारे डबे. पण त्या घरात खिळा ठोकायचा तरी बाबा दोनदा विचार करत. "आपलं नाई ते," म्हणत. आईनं मागच्या बाजूला कढीपत्ता लावला तेव्हाही म्हणाले, "लाव, पण जीव नको लावू." रिटायर झाले आणि खाली करायचा कागद आला. सामान टेम्पोत चढल्यावर आई त्या कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत राहिली, आणि बाबा तिला एका शब्दानंही बोलले नाहीत.

त्याच्याही आधीची एक गोष्ट बाबा कधीकधी सांगत, तीही हसत हसत. लग्न नवीन होतं, नोकरी अजून पक्की नव्हती, आणि दोघं खोली शोधत फिरत होते. घरमालक दारात यायचा, खोली दाखवायचा, मोरी दाखवायचा, आणि मग अगदी सहज विचारायचा, "आडनाव काय म्हनले?" आडनाव ऐकलं की त्या खोलीत नेमका त्याच दिवशी कोणी पाहुणा राहायला येणार असायचा. "लय पाहुणे होते बापा तेव्हा लोकायकडे," बाबा म्हणत. आम्ही हसायचो. आई हसायची नाही.

म्हणून बाबांनी म्हातारपणी फंडाच्या पैशातून गोंडपिपरीतली ती चाळ घेतली तेव्हा मला नवल वाटलं. गोंडपिपरी त्यांचा तालुका, तिथवर ठीक होतं. पण घेऊन घेऊन एवढी मोडकी? आधीचा मालक नागपूरला राहायचा आणि चाळीकडे फिरकायचा नाही. वानरांनी उड्या मारून कवेलूंचा चुरा केला होता. वासे वाळवीनं आतून खाल्लेले, मातीच्या भिंती खालून ओल धरून फुगलेल्या. एका दाराला कडी नव्हती, तिथे सुतळी होती. मी बाबांना म्हटलं, "एवढ्यात चंद्रपूरला एखादा छोटा फ्लॅट आला असता." ते म्हणाले, "फ्लॅटमध्ये आपनच राहिलो असतो ना. इथी चार घरं राहतात."

घरमालक म्हणून ते पहिल्यांदा तिथे गेले त्या दिवशी मी सोबत होते. मार्च संपत आला होता. गावाबाहेरच्या मोहाचा तो गोड, जरासा आंबूस वास वाऱ्यावर येत होता. भाडेकरू अंगणात रांगेनं उभे होते, कोणी साहेब तपासणीला आल्यावर उभं राहतात तसे. दोन खोल्या शिकणाऱ्या मुलांच्या, ती परीक्षा आटोपून घरी गेलेली. तिसरीत एसटीत वाहक असलेला एक तरुण आणि त्याची बायको. आणि कोपऱ्यातल्या चौथ्या खोलीत राजक्का.

राजक्का सिरोंचाकडची. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू, आणि बोलणं निम्मं तेलुगू. नवरा इकडे कामाला आला तेव्हा ती त्याच्या मागोमाग आली. पुढे नवरा गेला, पण ती इथेच राहिली. आठवडी बाजारात ती मासे विकायची. चाळीत सर्वांत जुनी तीच. बाबांना तिनं वर-खाली पाहिलं आणि सगळ्यांच्या मनातलं विचारून टाकलं.

"कधी खाली कराचं, अन्ना?"

आयुष्यभर जो शब्द बाबांनी ऐकून घेतला तो आता कोणीतरी त्यांच्याकडून ऐकायला तयार होऊन उभं होतं. मग म्हणाले, "कोनालेच नाई कराचं. घर दुरुस्त कराचं आहे, मानसं नाई बदलाचे."

कोणाचाही विश्वास बसला नाही. घर दुरुस्त होतं, मग भाडं वाढतं, मग माणसं बदलतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. परत येताना एसटीत बाबा मला म्हणाले, "बाई, एकच गोष्ट ध्यानात ठेव. माझ्यापायी कोनाले खोली सोडा लागली, तं मी हे घर काऊन घेतलं?" त्यांचा सगळा उन्हाळा ह्या एका वाक्यावर टांगलेला होता, आणि आमचाही.

एप्रिलमध्ये छप्पर उतरलं. चारही खोल्या वरून उघड्या पडल्या, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणात घालतात तसा मोठा मांडव बाबांनी घातला. बांबूचे खांब, वर जांभळाच्या डहाळ्या. त्याखाली सगळं बिऱ्हाड आलं. आई-बाबाही चंद्रपूर सोडून तिथेच मुक्कामाला आले, आणि माझ्या सुट्ट्या लागल्यावर मीही. घरमालक, भाडेकरू, सगळ्यांच्या खाटा एका सावलीत.

तो मांडव मला अजून नाकाने आठवतो. डहाळ्या पहिल्या दिवशी हिरवा वास मारायच्या, आठवड्यात चहासारखा. दुपारी वारा सुटला की वाळकी पानं भातात पडायची. एका कडेला आईची शेगडी, एका कडेला वाहकाच्या बायकोचा गॅस, आणि मधे राजक्काच्या तीन विटा, कारण तिला विटांवरच चव येते असं ती म्हणायची. चिंच घातलेल्या तिच्या माशांच्या कालवणाचा वास सुटला की बाबा उगाच त्या बाजूचा एखादा खांब तपासायला जायचे. जयंतीच्या दिवशी आईनं खीर केली, निळ्या पताका मांडवाला लावल्या, आणि राजक्कानं त्यातली एक मागून घेऊन आपल्या मासे तोलायच्या काट्याला बांधली. "बाजारात छान दिसते," म्हणाली.

सकाळचं काम ठरलेलं. उतरवलेल्या कवेलूंचे ढीग अंगणात पडले होते. एकेक कवेलू उचलायचा, बोटाच्या पेरानं वाजवायचा. टण्ण वाजला तर चांगला, भद्द वाजला तर त्याला बारीक चीर आहे. आम्ही बायका वाजवत बसायचो आणि गप्पा व्हायच्या. राजक्का सिरोंचाची नदी सांगायची, उन्हाळ्यात पात्रात पिकणारी कलिंगडं सांगायची. आई क्वार्टरातल्या शेजारणी सांगायची. बाबा मधेच येऊन आम्ही बाद केलेला एखादा कवेलू पुन्हा वाजवून पाहायचे आणि हळूच चांगल्यांच्या ढिगात सरकवायचे. कोणालाच काढून टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, त्यात कवेलूही आले. राजक्का ते पाहायची आणि त्यांची पाठ वळली की तो कवेलू परत इकडे आणायची.

घराचा मालक होणं म्हणजे काय, ह्याचा मी तेव्हा बराच विचार करत असे. भिंत आपली, छप्पर आपलं, कर आपण भरतो. पण त्या छपराखालची सावली कोणाची? खोलीतला वास, कोनाड्यातला दिवा, दाराच्या चौकटीला तेलकट हात लागून लागून आलेली चकाकी, ह्यातलं काहीच मालकाचं नसतं. बाबांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. जन्मभर ते त्या बाजूनंच जगले होते. अडचण निराळीच होती. त्यांना भाडेकरू व्हायचं ठाऊक होतं. घरमालक व्हायचं ते शिकत होते, आणि शिकताना माणूस घाई करतो.

नवे वासे चढले, बांबूच्या कमच्या बांधून झाल्या, आता कवेलू रचायचे तेवढे उरले, आणि किसनभाऊ म्हणाले, "भाऊ, उद्यापासून पानं." बाबांनी हात जोडले, ओरडून पाहिलं, चार दिवस मागितले. किसनभाऊ शांतपणे बिडी विझवत म्हणाले, "तुमचं घर कुठी पळून जाऊन राह्यलं? पानं पळून जातात." दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अख्खा गाव जंगलात होता.

बाबा दोन दिवस मांडवाखाली येरझारा घालत राहिले. वाहकाची बायको गरोदर होती, राजक्काला उघड्यावर खोकला लागला होता. तिसऱ्या दिवशी ते तडक चंद्रपूरला गेले आणि टेम्पोत टिनाचे पत्रे घेऊन आले. सोबत पत्रे बसवणारी दोन माणसं. पहिला मान सगळ्यात जुन्या भाडेकरणीचा म्हणून त्यांनी कोपऱ्यातली खोली आधी झाकून घेतली. संध्याकाळपर्यंत तेवढं काम संपलं; बाकीच्या खोल्यांचे पत्रे पुढच्या खेपेला यायचे होते. निळे पत्रे चमकत होते. बाबा रस्त्यापलीकडे जाऊन ते पाहून आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. "आता वानरं नाचू दे, नाई तं बँड वाजवू दे," म्हणाले. राजक्कानं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि आपल्या विटा उचलून आत गेली.

चार-पाच दिवसांत तिचं बोलणं आटलं. सकाळी आमच्यात येऊन बसायची, पण नदी नाही, कलिंगडं नाहीत. दुपारी खोलीत न बसता विहिरीपलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन बसायची. बाबांनी विचारलं, "कशी आहे खोली?" तर म्हणायची, "लय छान, अन्ना." त्यांना तेवढं पुरायचं. एकदा मात्र दार लोटून बाहेर येताना ती पदरानं मान पुसत स्वतःशीच पुटपुटली, "एंडा, एंडा." ऊन, ऊन. एवढं तेलुगू तिच्यासोबत राहून मला कळायला लागलं होतं.

आणि मग एका सकाळी मी तिच्या दारात गेले तर कपडे आणि भांडी एका जुन्या साडीत बांधलेली होती. मी विचारलं तेव्हा तिनं आधी मला आत ओढून दार लावलं.

"बस स्टँडमागं एक खोली पाह्यली, पोरी. कवेलूची आहे. अन्नाले सांगू नको."

"पण का? काय झालं?"

तिनं वर बोट दाखवलं. सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले असतील. वरून भट्टीची झळ उतरावी तसा ताप उतरत होता, आणि अजून दुपार व्हायची होती.

"मंग बाबाले सांग ना! ते काई राग नाई माननार."

"कसं सांगू? माझ्यासाठी पयले लावले त्यानं. नारळ फोडला मी. आता म्हनू का, तुझं छप्पर मले भाजून राह्यलं? घरमालकाले असं नाई म्हनत पोरी. जाते मी. गपचूप जाते."

घरमालकाला सांगत नसतात. भाडेकरू तक्रार गिळतो, गिळतो, आणि एक दिवस गाठोडं बांधतो. बाबांनी तरी क्वार्टरच्या साहेबाला कधी काय सांगितलं होतं?

मी सांगितलं. तिनं नको म्हटलेलं असूनही सांगितलं, कारण न सांगता ती गेली असती तर बाबांना ते जन्मभर लागलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, भर बारा वाजता तिच्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. आम्ही मांडवात थांबलो. राजक्का कडुलिंबाखालून पाहत होती. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सदरा घामानं भिजलेला, पण चेहरा गोंधळलेला.

"मले तं काई एवढं गरम नाई लागलं," ते म्हणाले.

खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मग आई आत गेली. ती लगेच बाहेर आली, मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली, आणि कधी नव्हे ते चढ्या आवाजात म्हणाली, "तुमचं आंग मेलं आहे! त्या बॉयलरजवळ राहून राहून मेलं. तुमाले उकळता चहा गरम नाई लागत, उन्हात पाय पोळत नाई. तुमाले काय समजनार, तिले काय होते ते?"

बाबा खाटेवर बसले. आपल्या हातांकडे पाहत राहिले, तळवा उलटा करून, सुलटा करून. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण जाता येईना. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या त्या उकळत्या चहाचं कौतुक करत होतो. एका घोटात पितात म्हणून पाहुण्यांना दाखवत होतो. त्या नोकरीनं पगार दिला, घर दिलं आणि परत घेतलं, हे आम्हाला माहीत होतं. अंगातलं काहीतरी घेतलं आणि ते परत दिलंच नाही, हे त्या दुपारी कळलं.

शेवटी ते उठले. "मले नाई लागत म्हनून ते नाई, असं थोडीच आहे," म्हणाले, आणि पान्हा शोधायला गेले.

पत्रे त्याच संध्याकाळी उतरले. कवेलू मात्र कमी पडत होते. वानरांनी आणि चिरांनी निम्मे संपवले होते, आणि नवे आता कोणी कुंभार करत नाही. मग बाबा आणि मी ट्रॅक्टर घेऊन आजूबाजूच्या गावांत फिरलो. जिथे जिथे सरकारी योजनेतून स्लॅबची घरं उठत होती तिथे जुने कवेलू परसात ढीग होऊन पडले होते. लोक म्हणायचे, "न्या न्या, आमाले कायले पायजेत." एका म्हातारीनं मात्र ट्रॉली भरल्यावर एक कवेलू परत काढून घेतला आणि तुळशीजवळ ठेवला. कितीतरी घरांची छपरं आमच्या अंगणात येऊन पडली, कोणी काळपट, कोणी तांबडं, कोणाच्या पोटाला कोणा पोराच्या बोटांचे ठसे. फळी उठली, किसनभाऊ हात तेंदूच्या डिंकानं काळे करून परतले, आणि त्यांनी ती सगळी घरं एका छपरात रचली.

ह्या सगळ्यात राजक्काचं गाठोडं, पत्रे उतरताना बाहेर आणलेलं, मांडवात एका खांबाशी तसंच बांधलेलं होतं. ते तिनं सोडलं नाही, उचललंही नाही. बस स्टँडमागच्या खोलीला तिनं शब्द दिलेला होता. मी एकदा म्हटलं, "बाबा, विचारून टाकू का तिला?" ते माझ्यावर खेकसले, "खबरदार! घरमालकानं विचारलं का भाडेकरूले हो म्हनाच लागते. तिले वाटन ते करन ती." असं म्हणायचे, आणि दिवसातून कितीदा त्या गाठोड्यावरून नजर फिरवायचे ते फक्त आईला आणि मला ठाऊक.

तोवर चारही खोल्यांत चुना झाला. आईच्या आग्रहानं स्वयंपाकाला काळ्या दगडाचे उभे ओटे झाले, बायकांची कंबर दुखू नये म्हणून. शेवटच्या दिवशी कोपऱ्यातल्या खोलीची फरशी वाळली आणि बाबांनी दार सताड उघडून ठेवलं. मग आम्ही सगळे काहीतरी काम असल्यासारखे इकडेतिकडे झालो. मी झाडूनं झाडलेलंच अंगण झाडत होते.

राजक्का बाजारातून आली. पाटी उतरवली, पाय धुतले, आणि आत गेली. दुपार टळटळीत होती. बाबा दाराकडे पाठ करून एक खिळा सरळ करत बसले होते. तो खिळा केव्हाच सरळ झाला होता.

मग ती कमरेवर हात ठेवून दारात आली. ते मोठं कुंकू घामानं जरासं ओघळलेलं. आवाज बाजारात गिऱ्हाइकाशी भांडताना लागायचा तसा, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा.

"अन्ना! हा ओटा कोन बांधला इतका उंच? मी का ताड आहो? माझा हात बी पोचत नाई! फोडून टाका तो!"

आईनं दुखावून तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. डोळ्यांना पदर लावला. जाणारं माणूस ओटा फोडायला सांगत नाही.

बाबा उठले. कोळशाचा एक तुकडा उचलला आणि आत गेले. मी दाराशी उभी राहिले. आत गार होतं, चुन्याचा वास होता.

"किती खाली पायजे, बाई?" त्यांनी विचारलं.

राजक्कानं वाकून भिंतीजवळ हात धरला. बाबांनी तिथे रेघ ओढली. ती उकिडवी बसली, डोळे बारीक करून रेघ पाहिली, आणि मान हलवली.

"अजून खाली, अन्ना. अजून. रोज मलेच बसाचं आहे इथी."